विसार देण्याआधी पूररेषा विचारा

पावसाळा सरला की कोल्हापूर-सांगलीकडं जागेच्या व्यवहारांना वेग येतो. दसऱ्याला नारळ फुटतो, दिवाळीत बुकिंग होतं, आणि उन्हाळा लागला की मुरमाचे डंपर काळ्या रानात भराव टाकायला लागतात. नदीकाठची जागा या व्यवहारांत हमखास असते. ती शहराला लागून असते, सपाट असते आणि उंचावरच्या जागेपेक्षा गुंठ्यामागं स्वस्त मिळते. हा लेख अशी जागा घेणाऱ्यांसाठी आहे आणि विकणाऱ्यांसाठीही आहे. ज्यांचा अशा व्यवहाराशी कधी संबंध आला नाही, पण ज्यांच्या घरात २०१९ ला आणि पुन्हा २०२१ ला पाणी शिरलं, त्यांनी तर तो जरूर वाचावा. सांगणं एकच आहे: नदी आणि निळी पूररेषा यांच्यामधली जागा मोकळी राहू द्या. तिच्यात स्वतः भराव टाकू नका आणि दुसरा टाकत असेल तर गप्प बसू नका.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आपल्याकडं शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. राधानगरीचे किती दरवाजे उघडले, आयर्विन पुलाजवळ कृष्णा किती फुटांवर आली, हीच जुलै-ऑगस्टमध्ये घराघरांतली बोलणी. पण आपल्या गट नंबरातून निळी रेषा कुठून जाते, लाल रेषा कुठून जाते, हे विचारलं तर फार थोड्यांना सांगता येतं. पाण्याची रोजची उंची आपण डोळ्यांत तेल घालून बघतो आणि ते पाणी कुठवर पसरणार हे दाखवणारा नकाशा मात्र कधी उघडून बघत नाही.

निळी रेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती हद्द. लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पाटबंधारे खात्याच्या १९८९ च्या परिपत्रकापासून राज्यात ही पद्धत चालत आली आहे. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध. तिथं शेती, बाग, मैदान असा मोकळा वापर चालतो, नवं बांधकाम चालत नाही. निळ्या आणि लाल रेषेमधला पट्टा नियंत्रित. तिथं बांधता येतं, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा साधारण दीड फूट वर घ्यावं लागतं. २०२० साली राज्याच्या बहुतेक भागात लागू झालेल्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीतही हेच सूत्र आहे, आणि निळ्या रेषेच्या आत आधीपासून असलेल्या अधिकृत घरांच्या पुनर्बांधणीला तिच्यात काही अटींवर वाट ठेवलेली आहे. म्हणजे नियम कुणाला उघड्यावर टाकण्यासाठी केलेले नाहीत. नवा माणूस पाण्याच्या वाटेत येऊन बसू नये, एवढाच त्यांचा हेतू आहे.

‘पंचवीस वर्षांतून एकदा’ या शब्दांनी मोठी फसगत होते. २०१९ ला येऊन गेला, आता २०४४ पर्यंत निवांत, असं पुष्कळजण धरून चालतात. त्याचा खरा अर्थ असा, की दर पावसाळ्यात तसा पूर येण्याची शक्यता शंभरात चार असते, आणि गेल्या वर्षी काय झालं याचा तिच्याशी काही संबंध नसतो. निळ्या रेषेला टेकून घर घेतलं आणि वीस वर्षांचं कर्ज काढलं, तर कर्ज फिटेपर्यंत एकदा तरी घरात पाणी येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त, शंभरात छप्पन्न भरते. तीस वर्षं त्या घरात राहायचं म्हटलं तर ती सत्तरवर जाते. लाल रेषेच्या काठावरच्या घरालासुद्धा तीस वर्षांत चारात एक एवढी शक्यता असते. हे साधं गणित आहे. २०१९ साली पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, कृष्णेनं आयर्विन पुलापाशी ५७ फूट गाठले, आणि लोक अजून घराच्या भिंती वाळवत होते तोवर दोनच वर्षांत, २०२१ च्या जुलैत, पुन्हा महापूर आला. हा अनुभव आपल्याच घरांतला आहे.

आता भरावाकडं वळू, कारण सगळा घोळ तिथं आहे. भराव टाकणारा म्हणतो, माझी जागा मी उंच केली, माझ्यापुरता प्रश्न मिटला. त्यानं एका एकरावर सहा फूट भराव टाकला तर किती पाण्याची जागा गेली? हिशेब केला तर सुमारे ७४ लाख लिटर. दहा हजार लिटरचे ७४० टँकर. पूर आल्यावर एवढं पाणी त्या रानात उभं राहणार होतं आणि पूर ओसरताना हळूहळू नदीत परतणार होतं. आता त्याला तिथं जागा नाही. काठोकाठ भरलेल्या घागरीत दगड टाकला की पाणी बाहेर सांडणारच. इथं ते सांडतं शेजारच्या वस्तीत, वरच्या अंगाच्या गावात, समोरच्या काठावर. एका एकरानं नदीची पातळी वाढलेली मोजपट्टीवर दिसणार नाही, हे खरं. पण एकाच काठानं, एकामागून एक, तीस-तीस चाळीस-चाळीस एकरांचे ले-आउट पडत गेले आणि त्यात रस्त्यांचे, पुलांच्या जोडरस्त्यांचे भराव मिळाले, की त्या बेरजेचं पाणी कुणाच्या तरी माजघरात शिरतंच. त्या घरातल्या माणसानं कुठलाही नियम मोडलेला नसतो.

रस्त्यांच्या भरावाचं तर मुद्दाम बोललं पाहिजे. २०१९ ला शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गावर पाणी आलं आणि कोल्हापूरची वाट कित्येक दिवस बंद राहिली. दूध, भाजी, पेट्रोल, औषधं, सगळं अडकलं. त्या पट्ट्यात भरावाऐवजी खांबांवर रस्ता हवा, ही लोकांची मागणी रास्त आहे. पुराच्या मैदानातून आडवा जाणारा उंच भराव पाण्याला बांधासारखा अडवतो, आणि चार-दोन मोऱ्यांतून महापूर निघून जात नाही. रस्ता हवा हे मान्य. पण तो पाणी अडवणारा नको, हे म्हणण्यानं कुणी विकासाच्या आड येत नाही.

दुसरी गोष्ट ओढ्या-नाल्यांची. ‘आमची जागा नदीपासून चांगली लांब आहे,’ हे वाक्य विसार देताना हमखास कानावर पडतं. नदी चढली की ती नाल्यांतून उलटी शिरते. कोल्हापुरात जयंती नाल्याच्या दोन्ही अंगांना, शाहूपुरीत, व्हीनस कॉर्नरपर्यंत पाणी आलं, ते पंचगंगेचा घाट ओलांडून समोरून आलेलं नव्हतं. नाल्याला पुढं नदीत जायला वाव उरला नाही, म्हणून ते मागं फुगलं. सांगलीत शामरावनगरसारख्या सखल भागात तर महापुराची वाटही बघावी लागत नाही, जोराचा पाऊस पुरतो. काळी जमीन, खोलगट रान आणि पाणी निघून जायची वाट बुजलेली, अशा ठिकाणी गुंठ्या-गुंठ्यानं वस्ती झाली. ज्यांनी जागा घेतल्या ती कष्टकरी, मध्यमवर्गीय माणसं. त्यांना तेव्हा कुणी पाण्याचा नकाशा दाखवला नाही, आणि आज घरातलं पाणी उपसायचं ओझं त्यांच्याच डोक्यावर आहे. म्हणून माझं सांगणं असं, की जागेपासून नदी किती लांब आहे हे मोजून थांबू नका. जवळचा ओढा कुठला, तो कुठं मिळतो, त्याच्यावर कुणी स्लॅब टाकलाय का, पाइप घालून तो गाडलाय का, हेही बघा.

कृष्णेवरच्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा विषय इथं निघणारच. धरणाची उंची वाढवायला आपल्या दोन्ही जिल्ह्यांचा विरोध आहे. तो लढा लढावा, नेटानं लढावा. पण २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीनं २०२० साली अहवाल दिला, त्यात अतिवृष्टीबरोबर आपल्या काठावरच्या अतिक्रमणांवर आणि पूरक्षेत्रातल्या बांधकामांवर बोट ठेवलेलं आहे. कर्नाटकाशी बोलणी दोन राज्यं करतील, लवादासमोर वकील उभे राहतील. आपल्या गावच्या हद्दीतला ओढा मोकळा ठेवायला मात्र बंगळुरूची परवानगी लागत नाही. ते काम आपल्या हातातलं आहे आणि ते न करता फक्त खालच्या धरणाकडं बोट दाखवत राहणं मला पटत नाही.

नदीकाठचा मोकळा पट्टा पुराच्या चार दिवसांपुरता उपयोगी असतो, असंही नाही. उरलेलं वर्षभर तो गुपचूप कामच करत असतो. गवत, लव्हाळे, करंज, उंबर, जांभूळ यांच्या मुळ्या काठ धरून ठेवतात. रानातून वाहून येणारं खत, औषधं, माती त्या पट्ट्यात बरीचशी अडते. पुराचं पाणी तिथं थांबून मुरतं आणि उन्हाळ्यात आजूबाजूच्या विहिरींना तेच कामी येतं. काठ काँक्रीटनं बांधला की हे सगळं बंद होतं आणि वस्तीचं सांडपाणी थेट पात्रात पडू लागतं. पंचगंगेच्या पाण्याचं काय झालं ते इचलकरंजीकरांना सांगायला नको. २०१२ ची काविळीची साथ तिथं अजून कुणी विसरलेलं नाही. मळीची माती वीटभट्ट्यांसाठी खरवडून नेण्यानंही हाच काठ पोखरतो. चार पैसे मिळतात हे खरं, पण ती माती नदीनं शेकडो वर्षांत आणून टाकलेली असते, आणि पुढच्या पुरात त्या खड्ड्यापासून काठ तुटायला लागला की शेजाऱ्याचं रानही त्याबरोबर जातं.

“सगळ्यांनीच बांधलंय, कुणाचं काय झालं?” असं विचारणाऱ्यांनी पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीचं उदाहरण समोर ठेवावं. तिथं इंद्रायणीच्या निळ्या रेषेच्या आत ३६ बंगले उभे राहिले. राष्ट्रीय हरित लवादानं २०२४ साली ते पाडायचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयानं तो कायम ठेवला, आणि १७ मे २०२५ रोजी महापालिकेनं ते सगळे जमीनदोस्त केले. राहत्या घरांतून माणसांना सामान बाहेर काढावं लागलं. घर गेलं तरी त्यासाठी काढलेलं कर्ज आपोआप माफ होत नाही. जागा विकून मोकळे झालेले विक्रेते आणि वेळीच न अडवणारे अधिकारी यांच्यापेक्षा किती तरी मोठी किंमत घर घेणाऱ्यांनी मोजली. मला त्या कुटुंबांविषयी मनापासून वाईट वाटतं. म्हणूनच सांगतो, आपल्याकडं ती वेळ कुणावर येऊ नये.

काठावर ज्यांचं रान आहे त्यांची बाजूही नीट ऐकून घेतली पाहिजे. शहर वाढत जातं, शेजारचा उंचावरचा शेतकरी एका एकरात कोट्यधीश होतो आणि निळ्या रेषेतला मात्र ऊसच पिकवत राहतो, तोही पुरात आठ-आठ दिवस पाण्याखाली जाऊन कुजणारा. त्यानं ‘मीच का?’ म्हणून विचारलं तर तो चुकीचा नाही. सगळ्या शहराला पुरापासून वाचवणारी जागा त्यानं मोकळी ठेवायची असेल, तर शहरानंही त्याला काही दिलं पाहिजे. मोकळ्या जागेच्या बदल्यात हस्तांतरणीय विकास हक्क, पूरग्रस्त पिकाला वेळेवर आणि पुरेशी भरपाई, काठावर झाडं राखणाऱ्याला वार्षिक मोबदला, या मागण्या शेतकरी संघटनांनी आणि शहरातल्या पूरग्रस्तांनी मिळून केल्या पाहिजेत. आज हे दोन गट एकमेकांकडं पाठ करून उभे आहेत. नियम फक्त बंदी घालणारा राहिला की तो मोडायची वाट शोधली जाते, आणि ती सापडतेही.

तसंच आधीपासून तिथं राहणाऱ्या गरिबांचं. कोल्हापूरच्या सुतारवाड्यात दरवर्षी पहिलं पाणी येतं, आणि दरवर्षी तीच कुटुंबं गाठोडी घेऊन बाहेर पडतात. पूररेषेचा नियम कडक करायचा म्हणून बुलडोझर आधी त्यांच्या दारात नेणं हा अन्याय होईल. आधी पुनर्वसन, तेही कामधंद्याच्या जवळ. प्रयाग चिखलीच्या लोकांना १९८९ च्या महापुरानंतर सोनतळीला जागा मिळाली, तरी अनेकांचा संसार जुन्या गावातच राहिला, कारण रान तिथं, गोठा तिथं, देव तिथं. नुसता प्लॉट हातात दिला की माणूस हलत नाही. गोठ्याला जागा, पाणी, शाळा, रानाकडं जायला धड रस्ता, एवढं सगळं जमलं तरच गाव हलतं.

कायद्याच्या बाबतीत आपली बाजू किती उघडी आहे तेही माहीत असू द्या. समुद्रकिनाऱ्याला १९९१ पासून किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना आहे. गंगेसाठी केंद्राचा २०१६ चा आदेश आहे, त्यानुसार तिच्या सक्रिय पूरमैदानात कायमचं बांधकाम करता येत नाही. कृष्णा, पंचगंगा, वारणा यांना असं राष्ट्रीय पातळीवरचं संरक्षण नाही. महाराष्ट्रानं नदीकाठच्या उद्योगांसाठी २००० साली नदी नियमन क्षेत्राचं धोरण आणलं होतं, ते २०१५ मध्ये राज्य सरकारनंच रद्द केलं. पाणथळ जागांसाठी २०१७ चे केंद्रीय नियम आहेत आणि त्यांत सरासरी उच्चतम पूरपातळीपासून ५० मीटरपर्यंत कायमच्या बांधकामाला मनाई आहे. पण नदीपात्रं, भातखाचरं आणि पिण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले तलाव त्या नियमांतून वगळले आहेत. आपल्या भागातले बरेचसे तलाव बांधलेलेच. म्हणजे गावतळ्याचा काठ राखायचा असेल तर वरून कुणी येणार नाही. ग्रामपंचायत आणि गावकरी यांनाच तो राखावा लागेल. उरतात त्या निळ्या-लाल रेषा. त्या रेषा पुढं-मागं सरकवण्यासाठी किती दबाव येतो हे आपण सगळे बघतो. कुणी ‘रेड झोन’ उठवून देण्याचं आश्वासन देऊन मतं मागायला आला, तर त्याला विचारा: रेषा उठवल्यावर पाणी कुठं नेणार आहात?

आता प्रत्यक्ष काय करायचं. जागा बघायला जाल तेव्हा एकदा पावसाळ्यात जा. शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, २००५ ला पाणी कुठवर होतं, २०१९ ला कुठवर होतं. भिंतींवरच्या खुणा, वीजखांबावरची गाळाची रेघ त्यांना दाखवायला सांगा. सातबारा बघून थांबू नका, कारण पूररेषा सातबाऱ्यावर येत नाही. महापालिकेच्या किंवा जिल्ह्याच्या नगररचना विभागातून गट नंबरासह झोन दाखला आणि भाग नकाशा घ्या. पूररेषेचा नकाशा पाटबंधारे विभागाकडं असतो, तिथं लेखी अर्ज करा आणि उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात मागा. विकणाऱ्याला सांगा की जागा निळ्या रेषेबाहेर आहे हे खरेदीखतात लिही. तो कां-कूं करायला लागला तर विसाराची रक्कम खिशातच ठेवा. जागा दोन रेषांच्या मधली असेल तर जोत्याची उंची लाल रेषेच्या पातळीशी ताडून बघायला आपला स्वतःचा अभियंता लावा, बिल्डरचा नको. रेराचा नंबर म्हणजे पूररेषेचा दाखला नव्हे. बँकेनं कर्ज मंजूर केलं म्हणजे जागा सुरक्षित आहे, असंही नाही.

तुमच्या भागात ओढ्यात किंवा नदीकाठी भराव पडताना दिसला तर फोटो काढा, तारीख आणि गट नंबर लिहून ठेवा, आणि महापालिका, तहसीलदार, पाटबंधारे विभाग या तिघांकडं एकाच दिवशी तक्रार द्या. एकाकडंच दिली तर तो दुसऱ्याकडं बोट दाखवतो. एकट्यानं जाऊ नका, गल्लीतल्या दहाजणांच्या सह्या घ्या. भराव पडत असतानाची तक्रार उपयोगाची ठरते. इमारत उभी राहिल्यावर तीच तक्रार कोर्टात वर्षानुवर्षं फिरते, आणि शेवटी पिंपरी-चिंचवडच्या चिखलीसारखं होऊन निरपराध माणसं भरडली जातात.

गावात असाल तर पुढच्या ग्रामसभेत ओढ्यांच्या मोजणीचा ठराव मांडा. ओढा नकाशावर किती रुंद आहे आणि जागेवर किती उरलाय, हे भूमी अभिलेख खात्याकडून मोजून घ्या, हद्दीवर दगड रोवा, आणि दोन्ही काठांना करंज-जांभळाची रोपं लावून त्यांच्या राखणीचं काम बचतगटाला द्या. शहरात असाल तर विकास आराखड्यावर लक्ष ठेवा. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांसाठी तीस दिवस मिळतात. त्या तीस दिवसांत निम्म्याहून जास्त लोकांना तो आल्याचंसुद्धा कळत नाही, म्हणून तालीम मंडळांनी आणि महिला मंडळांनी नकाशा मोठा छापून चौकात लावावा. आपल्या प्रभागातली निळी रेषा जुन्या नकाशाशी जुळवून बघा. नदीकाठचा हरित पट्टा कुठं निवासी झालाय का, नाल्याची रुंदी कुठं कमी दाखवलीय का, एवढ्या दोन गोष्टी जरी तपासल्या तरी पुष्कळ. फरक दिसला तर गट नंबर घालून, दोन ओळींत, साध्या मराठीत हरकत लिहा. वकील लागत नाही. अर्जाची एक प्रत स्वतःकडं ठेवा, तिच्यावर तारखेचा शिक्का आणि पोच घ्या, आणि सुनावणीला बोलावलं की शेजारच्या चौघांना घेऊन हजर राहा.